विश्लेषण : चर्चच्या नोंदवहीत ख्रिस्ती, जातीच्या दाखल्यावर हिंदू... दलित ख्रिस्तींना ओळख का लपवावी लागते?

रविवारी कुटुंब चर्चमध्ये प्रार्थनेला जाते. सोमवारी त्याच घरातील मुलगा महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहितो. देशाच्या अनेक भागांत दलित ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या असे दुहेरी आयुष्य जगत आली आहेत. सरकारच्या लेखी ही फसवणूक, चर्चच्या लेखी ही श्रद्धेतील तडजोड, तर त्या कुटुंबाच्या लेखी तो मुलांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न. या पेचाचे मूळ १९५० च्या एका आदेशात आहे. तो आदेश काय आहे, न्यायालये त्याविषयी काय म्हणतात आणि यातून मार्ग कोणता, याचा हा आढावा.

हा विषय चर्चेत का आला?

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेत भाजपचे आमदार अमित गोरखे यांनी लक्षवेधी सूचनेद्वारे हा प्रश्न मांडला. काही लोक प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळतात, मात्र कागदोपत्री अनुसूचित जातीचे राहून सवलती घेतात, असा त्यांचा आक्षेप होता. अशा लोकांसाठी त्यांनी ‘क्रिप्टो ख्रिश्चन’, म्हणजे छुपे ख्रिस्ती, हा शब्द वापरला. हिंदू, बौद्ध आणि शीख यांच्याखेरीज अन्य धर्माच्या व्यक्तीने अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मिळवले असेल तर ते रद्द केले जाईल, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उत्तरात स्पष्ट केले. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा आधार देण्यात आला.

कायद्याच्या दृष्टीने यात नवे काही नव्हते. नवी होती ती तपासाची भाषा. चर्चमध्ये कोण जातो, घरात कोणाचे चित्र आहे, मुलांचा बाप्तिस्मा झाला आहे का, हे प्रश्न आता केवळ श्रद्धेचे राहिलेले नाहीत. त्यांच्या उत्तरांवर प्रमाणपत्र टिकणार की जाणार, हे ठरू शकते.

१९५० चा आदेश काय सांगतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४१ नुसार कोणत्या जाती अनुसूचित मानायच्या, हे राष्ट्रपती आदेशाद्वारे जाहीर करतात आणि त्या यादीत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या ‘संविधान (अनुसूचित जाती) आदेशा’च्या तिसऱ्या परिच्छेदात एक अट आहे. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असा तिचा आशय होता. पंजाब भागातील चार शीख जातींचा अपवाद तेव्हाच करण्यात आला होता. १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन सर्व दलित शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लीम मात्र बाहेरच राहिले.

ही अट स्वतंत्र भारताने नव्याने शोधलेली नव्हती. ब्रिटिश काळात १९३६ मध्ये निघालेल्या अनुसूचित जातींच्या आदेशातही भारतीय ख्रिस्ती व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, अशी तरतूद होती. दलित ख्रिस्ती संघटना १० ऑगस्ट हा दिवस ‘काळा दिवस’ म्हणून पाळतात. योगायोग असा की, महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी कुटुंबाच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, तोही १० ऑगस्ट १९५० या तारखेपूर्वीचा. एकच तारीख एका कुटुंबाला हक्क देते आणि शेजारच्या घरातील भाऊबंदांना तो नाकारते.

अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही. ख्रिस्ती झालेला आदिवासी अनुसूचित जमातीचाच राहतो. त्यामुळे आदिवासी ख्रिस्ती व्यक्तीला आपला धर्म कागदावर लपवावा लागत नाही. अर्थात, अशा आदिवासींना यादीतून वगळावे, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी करणाऱ्या मोहिमाही गेल्या काही वर्षांत सुरू झाल्या आहेत.

धर्म जाहीर केल्यास नेमके काय जाते?

पहिली गोष्ट म्हणजे शिक्षण व सरकारी नोकरीतील आरक्षण आणि अनुसूचित जातीसाठीच्या शिष्यवृत्त्या. दुसरी, निवडणुकीतील राखीव जागा. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्या जागांवर दलित ख्रिस्ती उमेदवार उभा राहू शकत नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या राखीव जागांनाही तोच नियम लागू होतो.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही, पण ती सर्वांत गंभीर आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ याचे संरक्षण जाते. जातीवाचक शिवीगाळ करणारा माणूस समोरच्याचा धर्म विचारत नाही. तो त्याची जात पाहतो. तक्रार दाखल करताना मात्र पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात धर्म विचारला जातो. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. तक्रारदार पाळक म्हणून काम करीत होता. ख्रिस्ती धर्म स्वीकारून तो पाळत असलेल्या व्यक्तीला या कायद्याचा आधार घेता येणार नाही, जातीचे प्रमाणपत्र रद्द झालेले नसले तरी नाही, असे न्यायालयाने म्हटले.

काही राज्यांनी मधला मार्ग काढला आहे. आंध्र प्रदेशात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गाच्या ‘क’ गटात एक टक्का आरक्षण आहे. पण मागासवर्गाच्या सवलतींबरोबर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण येत नाही आणि विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागाही येत नाहीत.

दुहेरी ओळख कशी तयार होते?

याची सुरुवात शाळेच्या दाखल्यापासून होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला बायबलमधील नाव मिळते, शाळेत मात्र रूढ मराठी नाव घातले जाते. दाखल्यावर ‘हिंदू’ आणि पुढे मूळ जात लिहिली जाते. पुढे जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणी, नोकरी असे करत कागदांची साखळी तयार होते. या साखळीतील एकही कडी बदलता येत नाही. त्यामुळे लग्न चर्चमध्ये लावायचे की नाही, लग्नाची नोंद कोणत्या कायद्याखाली करायची, पत्रिकेवर क्रूस छापायचा की नाही, इथपर्यंत विचार करावा लागतो. मृत्यूनंतर ख्रिस्ती दफनभूमीत पुरले तर उद्या मुलांच्या प्रमाणपत्रावर कोणी आक्षेप घेईल का, ही धास्तीही असते.

याचा परिणाम आकडेवारीवरही होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती सुमारे २ कोटी ७८ लाख, म्हणजे २.३ टक्के आहेत. महाराष्ट्रात ती संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे. जे स्वतःला कागदावर ख्रिस्ती म्हणवत नाहीत, ते या आकड्यांत येत नाहीत. मग ‘खरी संख्या लपवली जाते’ असा आरोप होतो आणि तोच आरोप पुढच्या कारवाईचे कारण ठरतो.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी काय?

मराठी ख्रिस्ती म्हटले की वसईचा समाज किंवा रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई आठवतात. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा घरातून तीव्र विरोध झाला. लक्ष्मीबाई अनेक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांनीही हा धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’मुळे त्या घालमेलीची कहाणी मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचली. उच्चवर्णीय धर्मांतरितांनी मोजलेली किंमत घर, नातेवाईक आणि पंगतीची होती.

परंतु राज्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग वेगळ्या वाटेने आला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे काम सुरू केले. पुढे स्कॉटिश मिशन, कॅथॉलिक जेझुइट आणि इतर मंडळी नगर, जालना व आसपासच्या भागात पोहोचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः दुष्काळांच्या वर्षांत, महार आणि मांग समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांनी त्या कुटुंबांची पुढची पिढी घडवली. पण राहण्याची जागा तीच राहिली, गावकुसाबाहेरची. गावाने त्यांना नव्या नावाने ओळखले तरी जुनी पायरी विसरली नाही. म्हणूनच आजही श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर परिसरात एकाच आडनावाची, एकाच वस्तीतील कुटुंबे बौद्ध, हिंदू आणि ख्रिस्ती अशी विभागलेली दिसतात. भावकी एक, सोयरीक एक. कागदावरचे हक्क मात्र वेगवेगळे.

आणि ख्रिस्ती माणसाच्या मराठीपणाविषयी शंका घेण्याची सवयही गेलेली नाही. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे आणि हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू असल्याचे कारण देत काहींनी विरोध केला होता. साहित्य महामंडळ ठाम राहिले आणि संमेलन पार पडले. पण ज्येष्ठ लेखकाला जो सवाल झाला, तो गावातील सामान्य ख्रिस्ती माणसाला रोज होतो, हेही त्या निमित्ताने दिसले.

बौद्धांना सवलत, मग ख्रिस्तींना का नाही?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखो अनुयायांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. राज्य पातळीवर महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या यादीत त्यांचा समावेश होण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. मधल्या ३४ वर्षांत अनेक बौद्ध कुटुंबांनी मुलांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ हीच नोंद ठेवली. घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर हिंदू, हा अनुभव महाराष्ट्रातील हजारो घरांनी घेतला आहे. तेव्हा त्यांना कोणी ‘छुपे बौद्ध’ म्हटले असते तर ते अन्यायकारक ठरले असते.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात या दोन धर्मांतरांत फरक केला. बौद्ध धर्मांतर सामाजिक-राजकीय कारणांनी, स्वेच्छेने झाले आणि त्यातील व्यक्तींची मूळ जात निश्चित करता येते. ख्रिस्ती व इस्लाम धर्मांतरे वेगवेगळ्या कारणांनी, अनेक शतकांत झाली, असा युक्तिवाद होता. शिवाय या दोन धर्मांत अस्पृश्यता नाही, त्यामुळे ती सोडण्यासाठीच लोक तिकडे गेले, असेही सांगण्यात आले. दलित ख्रिस्ती संघटनांचे उत्तर असे की, धर्मग्रंथात अस्पृश्यता नाही म्हणून गावातली अस्पृश्यता संपत नाही. शीख धर्मानेही जात नाकारली, तरी दलित शिखांना सवलत मिळाली.

न्यायालयांची भूमिका काय?

१९८५ च्या सूसाई खटल्यात हा प्रश्न थेट आला. तमिळनाडूत चर्मकाम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना सरकार रस्त्याकडेला मोफत टपरी देत होते. तेच काम करणाऱ्या एका ख्रिस्ती व्यक्तीला ती नाकारण्यात आली. केवळ मूळ जात सिद्ध करून भागणार नाही, नव्या धर्मातही त्या जातीचे सामाजिक व आर्थिक दुबळेपण तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे दाखवावे लागेल, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. त्यासाठी पुरेसा तपशील समोर आला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मूळ धर्मात परतल्यास जातीचा दर्जा पुन्हा मिळू शकतो, हे न्यायालयांनी अनेकदा मान्य केले आहे. मात्र २०१५ च्या एका निकालात त्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातील, असे स्पष्ट करण्यात आले : संबंधित जात अनुसूचित असल्याचा पुरावा, व्यक्ती आपल्या आई-वडिलांच्या व पूर्वजांच्या मूळ धर्मात परतल्याचा पुरावा आणि त्या समाजाने तिला स्वीकारल्याचा पुरावा.

नोव्हेंबर २०२४ चा निकाल पुद्दुचेरीतील एका महिलेबाबत होता. तिला सरकारी लिपिकाच्या पदासाठी अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र हवे होते. आपण हिंदू असल्याचे तिचे म्हणणे होते. मात्र लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद आणि तिचे नियमित चर्चला जाणे हे पुरावे तिच्याविरोधात गेले. प्रत्यक्षात ख्रिस्ती श्रद्धा पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही घटनेशी प्रतारणा ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. सध्याच्या आदेशाच्या चौकटीत हा निकाल अनपेक्षित नाही. पण त्यामुळे आजवर निव्वळ धार्मिक दस्तऐवज असलेली चर्चची नोंदवही आता पुरावा म्हणून अधिक ठळकपणे पुढे आली आहे.

चर्चमध्ये जात संपली का?

तसे म्हणता येणार नाही. तमिळनाडूत वेगवेगळ्या बसण्याच्या जागा, वेगळी दफनभूमी, मिरवणुकीवरून वाद अशा तक्रारी दलित ख्रिस्ती अनेक दशके करीत आहेत. डॉ. आंबेडकरांनीही भारतातील ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना धर्म बदलूनही जात सुटत नसल्याकडे लक्ष वेधले होते. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधील भेदभाव मान्य केला. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे २०२२ मध्ये पहिले दलित कार्डिनल झाले. भारतातील चर्चचा इतिहास पाहता हे फार उशिरा घडले.

यातून दलित ख्रिस्ती माणसाची दुहेरी कोंडी दिसते. सरकार म्हणते, तुमच्या धर्मात जात नाही, म्हणून तुम्हाला हक्क नाही. चर्चमधील प्रस्थापित वर्ग वागतो तो मात्र जात आहे असाच. जातभेद नाकारण्याची जबाबदारी चर्चनेही आपल्या व्यवस्थापनात, शाळाप्रवेशांत आणि धर्मगुरूंच्या नेमणुकांत पार पाडायला हवी. तसे न करता केवळ सरकारकडे मागणी करणे अपुरे आहे.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय?

ते सरसकट धार्मिक द्वेषातून येते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पहिला आक्षेप हिंदुत्ववादी संघटनांचा : असा दर्जा दिल्यास धर्मांतराला चालना मिळेल. दुसरा आक्षेप हिंदू व बौद्ध दलितांमधील काही संघटनांचा : केंद्रात अनुसूचित जातींना १५ आणि महाराष्ट्रात १३ टक्के आरक्षण आहे; वाटेकरी वाढले आणि वाटा तेवढाच राहिला तर आधीच वंचित असलेल्यांचे नुकसान होईल. मिशनऱ्यांच्या शाळांमुळे ख्रिस्ती कुटुंबे शिक्षणात पुढे गेली असतील, ही शंकाही त्यात असते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तरही शोधता येते. अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय घटनापीठाने १ ऑगस्ट २०२४ रोजी बहुमताने मान्यता दिली. त्यामुळे कोणाच्या वाट्याला धक्का न लावता स्वतंत्र वाटा ठरवण्याचा पर्याय निदान विचारात घेता येतो. पहिल्या आक्षेपाबाबत प्रश्न असा की, धर्म बदलल्यावर सवलती जाव्यात यासाठीच ही अट असेल, तर राज्य एका धर्मात राहण्यासाठी लाभ देत आहे, असा त्याचा अर्थ होतो. अनुच्छेद २५ ने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याशी तो मेळ कसा खाणार? अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तीही कोणत्या एका धर्मापुरती नाही.

आयोगांनी काय सांगितले?

न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात तिसरा परिच्छेद वगळून अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी न जोडण्याची शिफारस केली. आयोगाच्या सदस्य-सचिव आशा दास यांनी त्याला असहमती नोंदवली होती. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २००८ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी केलेल्या अभ्यासातही उपलब्ध माहितीच्या आधारे दलित ख्रिस्ती व मुस्लिमांची बाजू भक्कम असल्याचे म्हटले. केंद्राने मिश्रा अहवाल स्वीकारला नाही. या प्रश्नावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली याचिका दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. त्याला दोन वर्षांची मुदत होती. ती २०२४ मध्ये वाढवण्यात आली.

पुढे काय?

नियम मोडून प्रमाणपत्र घेणे चूकच, यात वाद नाही. पण इतक्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या खोटे लिहावे लागत असेल, तर नियमाकडेही पाहावे लागते. आरक्षणाचा व्यापक निर्णय संसदेने आयोगाच्या अहवालानंतर, आकडेवारीसह घ्यावा, हे योग्य. त्यासाठी आगामी जनगणनेत धर्म कोणताही असला तरी मूळ जात नोंदवली जाणे आवश्यक आहे. १९८५ मध्ये न्यायालयाला जो तपशील मिळाला नव्हता, तो मिळवण्याचा तोच मार्ग आहे.

एक पाऊल मात्र आरक्षणाच्या वादात न अडकता टाकता येईल. जातीवरून मारहाण, बहिष्कार किंवा अपमान झालेल्या व्यक्तीला, ती प्रार्थना कुठेही करीत असली, तरी अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळायला हवे. त्याने कोणाच्या आरक्षणातील एकही जागा कमी होत नाही. आणि जोवर अंतिम निर्णय होत नाही, तोवर प्रमाणपत्रांची तपासणी कायद्याने नेमलेल्या जात पडताळणी समित्यांनीच, संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन करावी. रविवारी चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी करणे हे कोणत्याही संघटनेचे काम नाही. रविवारी आणि सोमवारी एकाच नावाने जगता यावे, एवढीच या कुटुंबांची अपेक्षा आहे. ती पूर्ण करण्याचा अधिकार संसदेकडे आहे.